काळं ऑइल कुणाच्या खांबाला

गाडीखाली आडव्या झालेल्या माणसाला सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. वरून कुणी कितीही पुसो, हार घालो, लिंबू-मिरची बांधो, खालून चिखल, गंज आणि तेलाचे ओघळ. म्हणून या अंकाच्या संपादक बाईंनी फोन करून तुमच्या कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी सांगितलं की बाई, लिहिण्यासारखं काही नाही आणि बसून लिहायचं म्हटलं तरी आता कंबर दुखते. त्या म्हणाल्या, मग दुखत दुखत लिहा. माणूस दमलेला असला की त्याला नाही म्हणायचाही कंटाळा येतो. तसं हे लिहितोय.

माझं नाव दत्तू. भोर-वेल्ह्याकडं दत्तू मिस्त्री म्हणतात. राहणार किकवीचा. उमेदीची वर्षं कापूरहोळच्या फाट्यावर एका गॅरेजात गेली. पुढं मालकांनी कारभार मुलाच्या हाती दिला. त्याला माझं सावकाश काम पटेना आणि मला त्याची घाई सोसेना. मग मी पाने-पकडी पोत्यात बांधून मोटारसायकलवर टाकल्या आणि घरोघरी जाऊन गाड्यांचं ऑइल बदलायला लागलो. लोक हसले. न्हावी घरी येतो हे त्यांना ठाऊक होतं, मिस्त्री घरी येतो हे नवीन होतं. पण इकडं वरंध घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि तिकडं वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत गाड्या झाल्या होत्या, आणि गॅरेजं सगळी हायवेला. एका ऑइलसाठी कामाचा दिवस मोडून कोण तिकडं जाणार. त्यामुळे मला काम मिळत गेलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या पोटात लोखंडावर लोखंड फिरत असतं. मधे तेलाचा पातळ पडदा असतो म्हणून ते एकमेकाला खात नाही. हे तेल हळूहळू जळतं, काळं पडतं, मग बदलावं लागतं. आधी गाडी जरा फिरवून आणायची, म्हणजे तेल कोमट होऊन सुटं होतं. सपाट जागेवर उभी करायची. खाली घमेलं ठेवून तळाचा बोल्ट सोडायचा आणि सगळं निथळू द्यायचं, इथं घाई करायची नाही. फिल्टर बदलायचा, बोल्टचा वायसर नवा घालायचा, बोल्ट आवळायचा पण जीव खाऊन नाही. वरून नवं तेल ओतायचं, इंजिन थोडं चालवून बंद करायचं, जरा थांबायचं आणि पट्टी ओढून बघायची. पट्टीला दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेजवळ आलं की झालं. एवढंच काम. आता मोबाईलवर बघून कुणीही आपल्या दारात करतो आणि चांगलंही करतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या गुडघ्यांना तर बरंच वाटतं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर शनिवारपासून सुरुवात करायला हवी. शनिवारी तेल घरात आणायचं नाही, हे आमच्याकडं अजून पाळतात. भोरात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या मंडळींनी विचारलं, अहो, हे काय खायचं तेल आहे का? गुरुजी म्हणाले, तेल ते तेल. हा वाद पुष्कळ घरांत होई आणि सगळीकडं निकाल तोच लागे. त्यामुळे शनिवारी मला हक्काची सुट्टी असायची. आयुष्यात मी कधी शनीच्या वाटेला गेलो नव्हतो, पण त्या सुट्टीपायी त्याला नमस्कार करायला लागलो.

वेल्ह्याकडं एक आबा होते. मुलानं त्यांना पुण्याहून जुनी मोटार आणून दिली होती. मुलगा नसताना आबांनी स्वतःच ऑइल बदललं. जुनं काढलं ते अगदी नीट. नवं भरताना मात्र झाकणाच्या काठापर्यंत भरलं, थोडं खाली बसल्यावर पुन्हा वर ओतलं, पायली हलवून भरतात तसं. गाडी सुरू केल्यावर जो निळा धूर निघाला, त्यानं आळीतल्या कोंबड्या घरात शिरल्या. मी जाऊन जादाचं तेल काढायला लागलो, तर आबांचा चेहरा पडला. एवढी मोठी गाडी, तिला अर्ध्या पोटी ठेवायची होय, असं मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पट्टीची खूण दाखवल्यावर त्यांना पटलं. तरी काढलेलं तेल त्यांनी डब्यात भरून गाडीच्या शेजारीच ठेवलं, तिला लागलं तर जवळ असावं म्हणून. असल्या गमती पुष्कळ आहेत, पण त्या सांगायला उत्साह लागतो. मला खरं सांगायचंय ते किसनदादाच्या जीपबद्दल.

हिर्डोशीच्या वर डोंगरात एक वाडी आहे. सात-आठ घरं, खाचरांत भात, उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, दारात शेरडं. एसटी खाली हिर्डोशीपर्यंतच येते आणि तीही तिच्या सोयीनं. तिथून वर जायला तेव्हा कच्चा रस्ता होता, लाल मातीचा, सुट्या दगडांचा, आणि शेवटी छातीवर येणारा एक चढ. त्या रस्त्यावर फक्त किसनदादाची जीप चाले. सकाळी वाडीतून भोरला, संध्याकाळी भोरहून वाडीला. किसनदादा माझ्याच वयाचा, अंगानं काटक आणि बोलायला कंजूष. काही विचारलं की आधी फडक्यानं स्टेअरिंग पुसायचा आणि मग उत्तर द्यायचा.

या वाडीत मला बोलावण्याचं कारण होतं काळं ऑइल. तिथली घरं अजून लाकडावर उभी होती. ऐनाचे खांब, तुळया, वासे, आणि त्यांच्यामागं कायमची लागलेली वाळवी. पावसाळ्याआधी खांबांना जळकं काळं ऑइल फासलं की वाळवी लांब राहते. म्हणून शहरात जे गटारात जातं, ते या वाडीत जपून वाटलं जायचं. जीप भोरच्या गॅरेजात नेली तर काळं ऑइल गॅरेजवाला ठेवून घेणार. तेव्हा वाडीनंच ठरवलं होतं की ऑइल वाडीत बदलायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रत्येक खेपेचं ऑइल एकेका घराला, नंबरानं. हा नंबर कुठं लिहिलेला नव्हता, पण त्यात कधी चूक झालेली मी बघितली नाही. ज्या घराचं ऑइल, त्या घरी माझी भाकरी. किसनदादानं स्वतःचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लावून घेतला होता.

दुसरी अडचण सपाट जागेची. गाडी उतारावर असली की पट्टी खोटं सांगते. अख्ख्या वाडीत जीप मावेल एवढी सपाट जागा एकच, हौसाबाईचं खळं. हौसाबाईचा नवरा लवकर गेला. शेरडं आणि दोन खाचरं यांच्यावर तिनं मुलीला वाढवलं. बोलायला फटकळ. भाताची झोडणी आटोपल्यावर ती जीप खळ्यावर येऊ द्यायची, पण सारवलेल्या खळ्यावर चपला चालायच्या नाहीत. मी अनवाणी गाडीखाली जायचो आणि ती राखेचं टोपलं घेऊन बाजूला बसायची. ऑइलचा थेंब पडला की लगेच त्यावर राख. इतक्या वर्षांत तिथल्याइतकं स्वच्छ काम मी कुठंच केलं नाही.

काही वर्षांमागं, झोडणी झाल्यावर, ऑइलचा नंबर हौसाबाईचाच होता. सकाळची वेळ, ऊन तिरपं. मी बोल्ट सोडला, घमेलं भरत आलं, आणि सवयीनं मी त्यात बघितलं. जळकं तेल पुष्कळ काही सांगतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, डिझेलचा वास आला तर वेगळा बिघाड. त्या दिवशी काळ्या तेलावर बारीक चंदेरी चमक हलत होती, मिठाईवरचा वर्ख चुरून टाकावा तशी. इंजिनात जो मोठा दांडा फिरतो, त्याला आधार द्यायला मऊ धातूच्या वाट्या असतात. त्या झिजायला लागल्या की त्यांचा कीस तेलात उतरतो. वाट्या संपल्या की इंजिन संपतं.

मी घमेलं हौसाबाईच्या डब्यात रिकामं केलं, हात पुसले आणि किसनदादाला जीपच्या मागं घेऊन गेलो. म्हटलं, "दादा, गाडी आता उभी कर. इंजिन खोलावं लागंल."

"किती दिस?"

मी सांगितलं, सामान पुण्याहून येणार, तो दांडा, म्हणजे क्रँक, घासायला जाणार, महिना-दीड महिना धर.

त्यानं स्टेअरिंग पुसलं नाही, आम्ही मागं उभे होतो. मागच्या फळीवरून हात फिरवला. "आन न्हाई खोललं तर?"

"उद्याबी बंद पडंल, शिमग्यापतुरबी चालंल. ते माझ्या हातात न्हाई."

"मिस्त्री," तो म्हणाला, "पोरींचा शेवटचा पेपर हुईस्तवर चालवा. फुडं तिचं काय व्हायचं ते हुंद्या."

पोरी म्हणजे तीन मुली. हौसाबाईची सोनाली, किसनदादाची रेखा आणि वाडीतलीच आणखी एक. तिघी भोरच्या कॉलेजात बारावीला होत्या. दहावीच्या पुढं गेलेल्या त्या वाडीतल्या पहिल्याच मुली. हिर्डोशीची सकाळची एसटी धरायची तर अंधारात रानातून उतरायला लागे, आणि त्या रानात बिबट्या बघितलेली माणसं वाडीत होती. मुलींना धाडायला घरं तयार नव्हती. किसनदादानं घरोघरी जाऊन शब्द दिला होता की माझ्या जीपमधून जातील आणि माझ्याच जीपमधून येतील. आता जीप महिना-दीड महिना बसली की मुली घरी बसणार. आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. आमच्याकडं त्यानंतर पाहुणे मुली बघायला सुटतातच. त्या दिवसांत मुलगी महिनाभर घरात दिसली की परीक्षेचं नावही कुणी काढत नाही. हे किसनदादानं मला सांगितलं नाही. त्याला सांगायची गरजही नव्हती, मलाही लेकी आहेत.

एक गोष्ट मी त्याला बजावून विचारली आणि स्वतः तपासली, ती म्हणजे ब्रेक. इंजिन गेलं तर गाडी जागेवर थांबते, दरीत जात नाही. ब्रेक धड नसते तर मी चावीच काढून घेतली असती. ब्रेक पक्के होते. मग मी हो म्हटलं. कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं, कारण एकदा कळलं की कुठलाच बाप मुलीला त्या जीपमध्ये बसवणार नव्हता.

उपाय म्हणावेत असे माझ्याकडं थोडेच होते. नेहमीपेक्षा जाड ऑइल घालायचं, वेळ व्हायच्या फार आधी बदलायचं, खालच्या गिअरमध्ये सावकाश चालवायची, चढाला दाबायची नाही. आजारी माणसाला डॉक्टर पेज सांगतात तसला प्रकार. म्हणून त्या हिवाळ्यात मी आठवड्या-पंधरवड्यानं वाडीला जाऊ लागलो. किकवीहून भोर, तिथून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं हिर्डोशी, पुढं तो कच्चा रस्ता. गारठ्यानं गुडघे धरायचे. वय असं होतं की खाली आडवा झालो की उठायचा विचार करायला लागे. आणि दरवेळी घमेल्यात चमक आधीपेक्षा जास्त.

वाडी मात्र खूष होती. ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी यायचा त्यांना ऑइल या वर्षीच मिळत होतं. किसनदादाला जीपचं भलतंच कौतुक सुटलंय, असं सगळे म्हणत. घराघरांतले खांब काळेभोर झाले. ज्याचं ऑइल त्याच्या घरी मी जेवायला बसे. पिठलं, नाचणीची भाकरी, कुठं नुसता ठेचा, पण आग्रह असा की जणू मी त्यांच्या घरावर उपकार केलाय. मी मान खाली घालून खायचो. एका घरात दहावीतली रेश्मा भाकरी वाढायला होती. ती म्हणाली, "काका, फुडच्या वर्षी मीबी जीपनं भोरला जाणार." मी मान हलवली आणि पाणी प्यायलो.

मधेच किसनदादाला एक वेगळंच दुखणं लागलं. एका खेपेला त्यानं मला सांगितलं की लोक माझ्या गाडीत बसेनासे झालेत. झालं असं की संध्याकाळी भोरहून परत येताना, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी हौसाबाई एकदा उतरली. म्हणाली, धक्क्यानं मळमळतंय, मी चालत येते. दुसऱ्या खेपेला सोनालीही उतरली, पाय मोकळे करायचेत म्हणून. मग एकेक करून सगळेच. कुणाला शेरडं बघायची असायची, कुणाला वाळकी काटकी गोळा करायची असायची, एका म्हाताऱ्याला तर डॉक्टरनं चढ चढायला सांगितलं होतं म्हणे. तिथून पुढं जीप रिकामीच वर जायची. किसनदादाच्या मनाला ते फार लागलं. मी हळू चालवतो म्हणून लोक कंटाळले, असं त्याला वाटे. मलाही तसंच वाटलं. जीप हलकी चढतीय हे इंजिनाच्या दृष्टीनं बरंच होतं, म्हणून मी त्यात पडलो नाही.

परीक्षा सुरू झाली तेव्हा माझं दुसऱ्या कामात लक्ष लागेना. कुणाच्या दारात गाडीखाली असलो आणि फोन वाजला की डोकं आपटायचं. घरची म्हणाली, तुमचीच परीक्षा असल्यासारखं करताय. एक पेपर झाला, दुसरा झाला. मधल्या सुट्टीच्या दिवशी मी जाऊन पुन्हा ऑइल बदललं. या वेळी तेल काळं कमी आणि चंदेरी जास्त होतं. किसनदादानं घमेल्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डबा आणायला गेला.

शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "गेली."

मी आधी विचारलं, पेपर?

"पेपर झाला. पोरी मागनं चालत व्हत्या. चढाला गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वाडीला पोचलो. जीप चढावर असेल असं समजून हत्यारं तिथंच सोडली, तर रस्त्यावर नुसता ऑइलचा काळा पट्टा. जीप वर खळ्यावर उभी होती. संध्याकाळीच दोरखंड लावून वाडीनं ती ओढून वर नेली होती, बाया-माणसं, मुली, सगळ्यांनी. खळ्याच्या कडेला चपलांचा ढीग होता. मी वाकून बघितलं. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं आणि पिस्टनचा दांडा मोडून बाहेर आला होता. आता दुरुस्तीचं नाव काढायला जागा नव्हती. तळाशी जे काही तेल उरलं होतं ते मी घमेल्यात घेतलं.

सगळी वाडी भोवती उभी होती. किसनदादा पुढं आला आणि खाली बघून बोलायला लागला, की म्या तुमाला एक गोष्ट सांगितली न्हाई, मला आन मिस्त्रींना म्हायती व्हतं, तुमच्या पोरी म्या असल्या गाडीतनं नेल्या.

हौसाबाईनं राखेचं टोपलं खाली ठेवलं. "भावजी, हिकडं या जरा," म्हणाली. "मिस्त्री, तुमीबी या."

ती आम्हाला शेरडांच्या गोठ्यात घेऊन गेली. कुडाच्या फटीतून तिरपं ऊन आत आलं होतं. काळ्या खांबांवर जिथं ऊन पडलं होतं तिथं लाकूड बारीक चमकत होतं. खालपासून वरपर्यंत.

"म्या पयल्याच दिवशी बघितलं," ती म्हणाली. "काळं ऑइल काय आज फासतोय? असं कदी चमकत न्हाई. आन मिस्त्रींचं त्वांडबी बघितलं व्हतं."

मागून कुणीतरी म्हणालं, आमच्याबी खांबाला हाय. मग दुसरं कुणी म्हणालं. प्रत्येक घरानं आपापल्या हातानं आपले खांब फासले होते, आणि प्रत्येक घराला ते दिसलं होतं. हौसाबाईनं त्यावर कुणाशी चर्चा केली नव्हती, ती फक्त चढाला उतरली होती. बाकीचे तिच्या मागोमाग उतरत गेले.

किसनदादानं खांबावरून बोट ओढून बघितलं. मग म्हणाला, "वयनी, मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तुमाला गाडी उभी करावी लागली असती," हौसाबाई म्हणाली. "चालायचं काय, पाय हायती."

मी परत खळ्यावर आलो आणि जीपखाली गेलो. तिथं काम काही राहिलं नव्हतं, तरी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. इतके महिने मी एकट्यानं ओझं वाहतोय असं मला वाटत होतं. ते सगळी वाडी वाहत होती आणि वर मला भाकरी वाढत होती. मला रडू आलं. गाडीखाली असण्याचा एवढा एक फायदा आहे, कुणी येऊन बघत नाही.

त्या शेवटच्या ऑइलचा नंबर किसनदादाच्या घराचा होता. पण वाडीत त्याचं एकट्याचंच घर विटांचं आणि स्लॅबचं, फासायला लाकूडच नाही. त्यानं मग जीपच्या मागच्या दोन्ही फळ्या सोडवल्या, ज्यांवर वाडी इतकी वर्षं बसून गेली. खाली हिर्डोशीला कच्चा रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो, तिथं एसटीची वाट बघायला बसण्यासाठी त्यांचा बाक केला. बाकाच्या पायांना आणि फळ्यांना खालून ते ऑइल चोळलं. जीप भंगारात गेली. नवी घ्यायचा विषय किसनदादानं कधी काढला नाही, आणि आम्हीही नाही.

तिघी मुली पास झाल्या. रेखा पुढं नर्सिंगला गेली, सोनाली शिरवळकडं नोकरीला लागली, तिसरीनं लग्नानंतर शिक्षण चालू ठेवलं. हे सांगताना मला बरं वाटतं. पण रेश्मा, जिनं मला भाकरी वाढली होती, ती जूनपासून घरी बसली. जीप नव्हती. तुळशीच्या लग्नानंतर पाहुणे आले आणि वर्ष सरायच्या आत तिचं लग्न झालं. एका मरणाऱ्या इंजिनात जेवढी धाव होती तेवढी आम्ही तिघींना पुरवली, चौथीला ती पुरली नाही. या कामात मी कित्येक गाड्या वाचवल्या असतील, त्यातली एकही रात्री आठवत नाही. ही पोरगी आठवते.

आता मोटारसायकल चालवणं मी सोडलंय. वाडीचा रस्ताही अर्धा सिमेंटचा झालाय, पोरांकडं मोटारसायकली आल्यात आणि त्यांचं ऑइल ती स्वतःच बदलतात. नवी घरं स्लॅबची, काळ्या ऑइलचा नंबर कुणाला लागत नाही. गेल्या जत्रेला किसनदादानं बोलावलं म्हणून गेलो, मुक्काम केला, आणि सकाळच्या एसटीसाठी उजाडायच्या आत त्याच्याबरोबर खाली उतरलो. चालून दम लागला, बाकावर बसलो.

तेवढ्यात वरच्या वाटेनं एक बॅटरी हलत येताना दिसली. एक बाई हातात काठी घेऊन पुढं आणि मागं कॉलेजचं दप्तर घेतलेली मुलगी. बाईनं मुलीला बाकापाशी सोडलं, आम्हाला नमस्कार केला आणि पुन्हा वर चालायला लागली. ती रेश्माची आई होती. ही धाकटी. किसनदादानं सांगितलं की ती बाई रोज अंधारात मुलीला सोडायला उतरते आणि रोज एकटी चढून जाते, पाऊस असो, काही असो. जीप नव्हती म्हणून थोरली घरी बसली, धाकटीच्या वेळी आईनं कुणाला विचारलंच नाही.

धाकटी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिथल्या दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडलं. मी सवयीनं हात खाली घालून फळी चाचपून बघितली. कुठं वाळवीची माती नव्हती, कुठं भोक नव्हतं. फळी अजून धड होती.